अठरा एमबीतली आई

हिंडलगा
२० सप्टेंबर २०२४

अभिनंदन,

आधी सवयीनं 'चिरंजीव' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय ते दिसू दे. त्यासाठी नवा कागद घेणार नाही.

क्षमावाणीच्या दिवशी तुझा मेसेज आला. जोडलेल्या हातांचं चित्र आणि खाली 'कळत नकळत आपणांस दुखावले असल्यास उत्तम क्षमा'. आपणांस म्हणे. मी तुझी 'आपण' कधीपासून झाले? हाच मेसेज तू किराणावाल्याला, निपाणीच्या घरात बसून तू ज्यांचं काम करतोस त्या बेंगळूरच्या ऑफिसातल्या लोकांना आणि मला एका झटक्यात पाठवला असशील. त्यांनी उलट हात जोडले असतील. मी जोडणार नाही. मी तुला क्षमा केलेली नाही, हे कळवायला हे पत्र. फोनवर लिहिलं की तू वाचतोस, निळ्या खुणा उमटतात आणि तू गप्प बसतोस. बोलून तर पाठवणारच नाही. व्हॉइस मेसेजसुद्धा वाटेत दाबून चपटा होऊन पोचतो, असं तूच एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं होतंस.

मला काय पाहिजे ते सरळ लिहिते. आईच्या खोलीत तू जे रेकॉर्डिंग केलंस, त्यातलं मी तिच्या उशाशी बसले होते तेवढं मला दे. यंत्रात उतरलं तसं, न कापलेलं, न दाबलेलं.

का पाहिजे ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू विसरल्यासारखा वागायलास. आईनं सल्लेखना घेतली. धान्य सोडलं, मग दूध, मग ताक. बोलायचं बळ होतं तोवर तिनं व्रत देणाऱ्या माताजींसमोर एकेकाला जवळ बसवून क्षमा मागितली आणि दिली. तुला, तुझ्या बायकोला, लेकीला पूर्णिमाला, शेजारच्या गुणाबाईला, शेतातल्या गड्यालासुद्धा. मला तेव्हा बोलावणं नव्हतं. नागेंद्रशी लग्न करून मी मराठ्यांच्या घरात आले, त्या दिवसापासून आई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. मी दारात दिसले की ती देवघरात जाऊन बसायची. जे काय बोलणं व्हायचं ते तुझ्या तोंडून.

शेवटी तुझा फोन आला तेव्हा मी आलते. बायकांचा णमोकार चालला होता, खोली भरून गेलेली. मी उशाशी बसले. आईनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि तिचे ओठ हलले. बोलली ती. इतक्या वर्षांनी बोलली आणि मी कान तिच्या तोंडाला लावूनसुद्धा त्या जपात मला एक अक्षर कळलं न्हाय. तेवढ्यात चिकोडीची मंडळी दर्शनाला आली आणि तू माझ्या खांद्याला हात लावून मला उठवलंस. मग गर्दी, मग माताजी आल्या, मग आई गेलीच. गुणाबाई पायथ्याशी होती, तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, ओठ हालल्यालं बघिटलं बाई, ऐकू कुठलं यायला.

पण तुझं ते दोन कानांचं यंत्र आईच्या उशीला टेकून ठेवलं होतं. त्याला ऐकू आलं असणार.

आई गेल्यावर विनयांजली सभेत तू सगळ्यांना पेनड्राइव्ह वाटलेस, ग्रुपवरही टाकलंस. 'आईची क्षमावाणी', अठरा एमबी. लोकांनी डोळे पुसले, तुझी पाठ थोपटली. मी घरी येऊन ऐकलं. तुझी पाळी आहे, सगळ्यांची आहे. माझ्या वेळी नुसता णमोकार, तोही पाण्यात बुडवून काढल्यासारखा. आई तिथं नाहीच.

मूळ फाईल पाठव. बाकी काही लिहू नको.

सुप्रभा


हिंडलगा
४ ऑक्टोबर २०२४

अभिनंदन,

बाकी काही लिहू नको म्हटलं तर तू बाकीचंच लिहिलंस. तुझा ईमेल मी शाळेतल्या प्रिंटरवर छापून घेतला आणि लाल पेन घेऊन वाचला. तुला वाईट वाटेल, पण नववीतलं पोरगं यापेक्षा बरं उत्तर लिहितं. त्याला निदान प्रश्न काय विचारलाय ते कळतं.

तुझं म्हणणं असं की आक्का तांत्रिक गोष्टी समजून न घेता चिडलीय. मूळ रेकॉर्डिंग फार मोठं होतं, ग्रुपवर गेलं नसतं, म्हणून लहान केलं. लहान करायच्या दोन तऱ्हा असतात. एकीत काहीच हरवत नाही, पण फाईल फार तर अर्धी होते. दुसरीत दहावा हिस्सा होते, विसावा होते, कारण त्यात यंत्र नको ते काढून टाकतं. आणि नको ते म्हणजे काय, तर माणसाच्या कानाला तसंही ऐकू येत नाही ते. एक मोठा आवाज चालू असला की त्याच्या जवळचा बारीक आवाज कानाला लागत नाही. मग तो साठवून जागा कशाला अडवायची? जगभर असंच करतात, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही, असं तू शेवटी लिहिलंयस.

कुणाच्या कानाला ऐकू येत नाही रं? तुझ्या? त्या यंत्र बनवणाऱ्याच्या? मला तोच बारीक आवाज ऐकायचा होता. त्या खोलीत मला फक्त तेवढाच ऐकायचा होता. बाकीचा णमोकार मला पाठ आहे, तो मी तुझ्याआधी शिकलेय.

आणि मला समजत नाही म्हणू नको. फळ्यावर ओळीनं सोळा शून्यं लिहायच्याऐवजी 'सोळा शून्यं' एवढं लिहिलं तर जागा वाचते आणि हरवत काही नाही. ज्याला पाहिजे त्यानं परत सोळा लिहून काढावीत. ही तुझी पहिली तऱ्हा. एकवीस पूर्णांक सत्त्याऐंशी शतांशला मी बावीस लिहिलं तर तीही जागा वाचते, पण मग बावीसवरून कुणीही परत मूळ आकडा काढून दाखवावा. ही तुझी दुसरी. हे मी दर जूनमध्ये शिकवते. फरक एवढाच की मी पोरांना सांगते, आसन्न किंमत घ्या पण मूळ आकडा शेजारी लिहून ठेवा. तू ठेवलास का? मी तेवढंच विचारलं होतं.

तुझा ईमेल वाचताना मला एक कळलं. हे तू यंत्राकडून शिकला नाहीस, तुला आधीपासून येतं. इतकी वर्षं आईचं मला आणि माझं आईला तूच पोचवलंस. माझा मुलगा झाला तेव्हा मी फोनवर तुला किती काय काय सांगितलं. रंग कुणाचा, नाक कुणाचं, आईला म्हणावं एकदा बघायला ये. तू आईला जाऊन काय सांगितलंस? 'मुलगा झाला, दोघं बरी आहेत.' हे मला गुणाबाईकडून कळलं. आणि तिकडून आई जे काय बोलली असेल ते माझ्यापर्यंत पोचलं 'आईनं बरं म्हटलंय' एवढंच. आई एवढंच म्हणाली असेल? दोन दिवस गुणाबाईच्या ओट्यावर बसून राहिली होती म्हणे. बसून काय बोलली, ते तुला नको ते वाटलं असेल.

तेव्हा मला राग आला नाही. वाटलं, बिचारा पोर दोघींच्या मध्ये सापडलाय. आता वाटतंय, तुला मध्ये राहायला आवडत होतं.

मूळ फाईल 'एखाद्या हार्ड डिस्कवर असेल, बघतो' असं लिहिलंयस. बघ. दसऱ्याच्या आत बघ. नागेंद्र म्हणतो, जाऊ दे की, घरातलं भांडण कागदावर कशाला. त्यालाही मी दोन शब्द सुनावलेत, तेव्हापासून तो गोठ्यातच जास्त असतो.

सुप्रभा


हिंडलगा
२१ ऑक्टोबर २०२४

अभिनंदन,

रागात लिहितेय, अक्षर वाईट येईल. आलं तर येऊ दे.

दसऱ्याला तू फाईल पाठवलीस. 'हे घे आक्का, तुझं ओरिजिनल, एकही बाइट कमी नाही.' चारशे एमबी. उतरवून घ्यायला सकाळची दुपार झाली. मला काय आनंद झाला होता ते तुला सांगायची लाज वाटते आता. मी नागेंद्रला हाक मारून गोठ्यातून घरात आणलं, त्याला गोड करून घातलं. म्हटलं, माझा भाऊ तसा वाईट नाही. कान लावून ऐकलं तर परत तेच, पाण्यात बुडवलेला णमोकार. वाटलं, माझेच कान गेलेत.

म्हणून मी ती रचनाकडं घेऊन गेले. रचना माझी जुनी विद्यार्थिनी, टिळकवाडीत रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत काम करते. तिला म्हटलं, आईचं आहे, बारीक बोललीय, जरा वर आणून दे. तिनं फाईल उघडली, आवाजाचं चित्र पडद्यावर काढलं. मग मला विचारलं, टीचर, ही फाईल तुम्हाला मूळ म्हणून कुणी दिली?

माझ्या सख्ख्या भावानं, असं सांगावं लागलं मला. त्या पोरीसमोर.

तिनं मला समजावून सांगितलं. चित्रात खाली जाड आवाज असतात, वर बारीक. खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये वरपर्यंत काहीतरी असतंच, पंख्याची सळसळ, कपड्याचा आवाज, कुजबुजीतला स आणि श. तुझ्या फाईलमध्ये एका रेषेच्या वर सगळं काळं. सुरीनं कापल्यासारखं सरळ. एमपीथ्री केलेल्या फाईलीत असं दिसतं. म्हणजे तू त्या अठरा एमबीच्या फाईलीला परत फुगवून चारशेची केलीस आणि 'ओरिजिनल' म्हणून मला पाठवलीस. बावीसच्या पुढं चार शून्यं लिहिलीस आणि म्हणालास, घे, तुझा मूळ आकडा.

आणखी एक तिनं दाखवलं. तुझ्या यंत्राला दोन माईक, एक आईकडं तोंड केलेला, एक खोलीकडं. ते दोन्ही आवाज वेगवेगळे राहिले असते, तर नुसता आईकडचा घेऊन ती काहीतरी करू शकली असती. पण तू दोन्ही एकत्र ओतून एकच केलास. वर घरघर काढायचं कसलं सॉफ्टवेअर चालवलंस. आई शेवटच्या दिवसांत घरघरीसारखीच बोलत होती. तुझ्या सॉफ्टवेअरनं तिला कचरा समजून झाडून काढलं. आणि माझ्या पाळीत सगळ्यांत स्वच्छ कुणाचा आवाज आहे सांगू? तुझा. 'आक्का, ऊठ आता, चिकोडीची मंडळी आल्यात.' खणखणीत. त्याला यंत्रानं हात लावलेला नाही.

तू मला फसवलंस. चुकून पुसलं असं म्हणाला असतास तर मी आरडाओरडा केला असता, आठ दिवस बोलले नसते. पण तू बसून, विचार करून, दहा बटणं दाबून एक खोटी आई तयार केलीस, कारण तुला वाटलं आक्काला काय कळतंय. मोठी फाईल बघितली की गप्प बसेल.

तू म्हणाला होतास, न हरवता लहान करायची तऱ्हा असते आणि तीत अर्धी जागा लागते. मग तेवढंसुद्धा तुला जमलं नाही? पूर्णिमाच्या वाढदिवसाचे व्हिडिओ आहेत, तुझे ट्रेकचे फोटो आहेत, सगळ्यांना तुझ्या लॅपटॉपात जागा आहे. जागा नव्हती ती फक्त मी आईजवळ बसले तेवढ्या वेळाला.

आता खरं लिही. मूळ कुठं आहे?

सुप्रभा


हिंडलगा
९ नोव्हेंबर २०२४

अभिनंदन,

तुझं पाकीट कंडक्टरनं परवा दिलं. एक तारखेच्या काळ्या दिवसाच्या बंदमुळं बसेस कुठल्या कुठं फिरवल्या होत्या, ते निपाणीच्या स्टँडवरच पडून राहिलं म्हणाला. पाकिटात पत्र आणि नखाएवढं कार्ड. पहिल्यांदाच तू कागदावर लिहिलंस, आणि पहिलं अर्धं पान खरं लिहिलंस.

म्हणजे मूळ तू जूनमध्येच पुसलंस. लॅपटॉप भरला होता, सभेच्या गडबडीत होतास, 'एवढं मोठं परत कोण ऐकणार' असं वाटलं. कार्डही रिकामं केलंस आणि त्यावर पूर्णिमाच्या शाळेचा कार्यक्रम घेतलास. मग मी विचारायला लागले तेव्हा घाबरलास, म्हणून ती फुगवलेली फाईल केलीस. बरं. हे कळलं. राग गेला नाही, पण हे निदान माणसासारखं लिहिलंयस.

तिथंच थांबायचं होतंस.

पण नाही. खाली तू लिहिलंस, 'आक्का, फाईलमागं धावू नको. मी शेजारी वाकलो होतो, आई काय म्हणाली ते मी ऐकलंय. ती म्हणाली, सुप्रभा, मी तुला माफ केलं, तू सुखी राहा.'

हे वाक्य मी नागेंद्रला वाचून दाखवलं. तो आईशी आयुष्यात कधी बोललेला नाही, तरी तो म्हणाला, हे कुणा सिरियलमधलं वाटतंय.

अभिनंदन, आईनं मला एकदा तरी सुप्रभा म्हटलेलं तुला आठवतं? शाळेच्या दाखल्यावर सोडून ते नाव त्या घरात नव्हतं. मी सुपी होते. लई राग आला तर सुपे. आणि 'माफ'? व्रत घेतलेली बाई, दशलक्षणाचे उपवास जन्मभर केलेली, ती शेवटच्या घटकेला क्षमा सोडून 'माफ केलं' म्हणेल? 'सुखी राहा' तर लग्नाच्या पाकिटावर छापतात. तू तिच्या तोंडात तुझं वाक्य घातलंस. तुला वाटलं आक्काला काय पाहिजे? माफी पाहिजे. मग घे माफी, रड, आणि पत्रं बंद कर.

तुझ्या एमपीथ्रीनं माझं एवढं वाईट केलं नव्हतं. त्यात जिथं आई नव्हती तिथं ती नव्हती, मला ऐकू येत होतं की इथं काही नाही. तू त्या जागी बाई उभी केलीस, आईचं लुगडं नेसवून.

आणि आता माझी काय दशा केलीस बघ. ते वाक्य खोटं आहे हे मला माहीत आहे. तरी काल तांदूळ निवडताना ते दोनदा कानात आलं, आईच्या आवाजात आलं. उद्या मला खरंखोटं वेगळं करता येणार नाही. पोरांना आसन्न किंमत शिकवणारी मी, मीच बावीसला खरा आकडा म्हणायला लागेन.

कार्ड पाठवलंस ते बरं केलंस. का पाठवलंस ते तुला तरी माहीत आहे का? तू लिहितोस, 'त्यात आता काही नाही, तुझी खात्री पटावी म्हणून.' रचनानं सांगितलं, त्यावर पुढं काही घेऊ नका, कुठल्या फोनमध्ये घालूही नका. पुसलेलं लगेच जात नाही म्हणे. जागा रिकामी आहे एवढीच खूण होते, वर नवीन काही लिहिलं जाईतो जुनं खाली असतं. शाळेचा कार्यक्रम किती लांबला होता त्यावर सगळं आहे. कॉलेज रोडला असं परत काढून देणारं एक दुकान आहे, तिथं मी स्वतः नेऊन दिलंय. त्यानं हमी दिलेली नाही.

ते परत मिळेतो आईच्या नावानं एक शब्दही मला लिहू नको.

सुप्रभा


हिंडलगा
२८ नोव्हेंबर २०२४

अभि,

मिळालं.

सगळं नाही. नावं गेली, तारखा गेल्या, बऱ्याच फाईली फाटलेल्या. एकीत पूर्णिमाच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांचं कन्नड भाषण आहे, ते मधेच तुटतं आणि एकदम आईची खोली सुरू होते. तुझी पाळी त्या भाषणाखाली गेली. गुणाबाईची गेली. माझी राहिलीय. पुण्यानं म्हणत नाही मी, शाळेचा कार्यक्रम लवकर आटपला म्हणून राहिलीय.

काल शाळा सुटल्यावर रचनाकडं गेले. तिनं आधी चित्र दाखवलं, या खेपेला वरपर्यंत भरलेलं होतं, काळं कुठंच नाही. मग खोलीकडचा माईक बंद केला आणि नुसता आईकडचा ठेवला. मला हेडफोन दिला, स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. मी तिला आत बोलावलं. म्हटलं, बस, साक्षीला कुणीतरी पाहिजे. घरातल्या माणसांनी मला काय काय ऐकवलंय ते तुला माहीत आहे.

पहिल्यांदा श्वास ऐकू आला. आईचा श्वास असा वर अडकून खाली यायचा, मी विसरले होते. मग माझ्या बांगड्या, मी टेकले तेव्हाच्या. णमोकार लांब, भिंतीपलीकडं असल्यासारखा. मग माझा आवाज, मी 'आई' म्हणते. एवढंच म्हणालेले मी. मग बराच वेळ काही नाही.

मग तू. 'आक्का, ऊठ आता, चिकोडीची मंडळी आल्यात.' आणि बरोबर त्याच्याखाली, तू बोलत असतानाच, आई बोलली. रचनानं तेवढा तुकडा काढून परत परत लावला. पहिल्यांदा मला कळलं नाही. तिसऱ्या खेपेला कळलं आणि मी हेडफोन काढून तिच्या कानाला लावला. तिला म्हटलं, मी काही सांगत नाही, तुला काय ऐकू येतंय ते लिही. तिनं लिहिलं ते आणि मी ऐकलं ते एकच होतं.

आई माझ्याशी बोललीच नाही, अभि. ती तुझ्याशी बोलली.

"अभि, बसू दे की तिला."

तू 'या, या' म्हणत दाराकडं वळलास, ते यंत्रात आहे. माझ्या बांगड्या परत वाजल्या, म्हणजे मी उठले. त्यानंतर कुणी नाही, आणि आई परत म्हणते, एकटीच म्हणते, "बसू दे."

एवढंच आहे. क्षमा नाही, आशीर्वाद नाही, माझं नावसुद्धा नाही. मी इतके महिने ज्याच्यासाठी भांडले ते हे. रचना रडायला लागली, मला रडू आलं नाही. मला इतका राग आला की त्या खोलीतली खुर्ची मी धरून ठेवली. माझं लग्न झाल्यापासून ज्या घरात मला उंबऱ्याच्या आत कुणी बस म्हणालं नव्हतं, त्या घरात माझ्या आईनं अन्नपाणी सोडलेल्या तोंडानं दोनदा सांगितलं. आणि मी उठले. तू ऊठ म्हणालास म्हणून उठले, कारण मला वाटलं, आईलाही तेच पाहिजे असेल. नेहमी तुझ्याच तोंडून तिचं म्हणणं ऐकायची सवय मला.

तू वाकला होतास, असं तू स्वतः लिहिलंयस. ऐकलंस की नाही ऐकलंस, ते मी विचारणार नाही. विचारलं तर तू उत्तरही कापून, साफ करून पाठवशील, आणि मला आता तुझ्याकडून काहीही साफ केलेलं नको.

फाईल मी तीन ठिकाणी ठेवलीय, जशी निघाली तशी. तुला पाठवणार नाही. ऐकायची असेल तर माझ्याकडं यायचं आणि ऐकायची.

पण त्याआधी मी येतेय. येत्या रविवारी, सकाळच्या पहिल्या बसनं. फोन करून विचारणार नाही, ये म्हणायची वाट बघणार नाही. चहा ठेवू नको, तुझ्या बायकोला स्वयंपाकाला लावू नको. मी सरळ आईच्या खोलीत जाणार, तिची उशी होती तिथं भिंतीला टेकणार आणि बसणार. किती वेळ ते मी ठरवीन. चिकोडीची मंडळी येऊ देत, निपाणी सगळी येऊ दे.

आणि तू माझ्या खांद्याला हात लावून बघच.

सुपी